ते परदेशी पाहुणे नाहीत, आणि त्यांना मोजणारी पोरं रिकामटेकडी नाहीत

मंडळी, पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री वाचा. पण नुसता अंगठा दाबून पुढे जाऊ नका. विषय पक्ष्यांचा वाटेल, पण आहे उजनीच्या पाण्याचा. हेच पाणी तुमच्या उसाला जातं आणि सोलापूरकरांच्या माठातही.

नोव्हेंबर लागला की मराठी पेपरांत एक बातमी ठरलेली असते. ‘उजनीवर परदेशी पाहुणे दाखल.’ वर रोहित पक्ष्यांचा गुलाबी फोटो, खाली ‘पर्यटकांची गर्दी’. मार्चमध्ये दुसरी ठरलेली बातमी, ‘पाहुणे परतीच्या वाटेवर’. झालं, वर्षाचा कोटा पूर्ण. मधल्या चार महिन्यांत त्या पाण्यात काय चाललंय याची एक ओळ नाही. मी याच धंद्यात आहे, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. हा ‘पाहुणा’ शब्दच मुळात घोटाळ्याचा आहे. पाहुणा म्हटलं की दोन दिवस चहापाणी करायचं, फोटो काढायचा आणि गाडीत बसवून द्यायचं. त्याचा घरावर हक्क नसतो.

आता बघा. पट्टकदंब मंगोलियात आणि तिबेटच्या पठारावर वीण करतो, हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो आणि वर्षातले चार-पाच महिने इथेच काढतो. अंडी तिकडे, पोट भरणं इकडे. यातलं घर कुठलं आणि परगाव कुठलं, तुम्हीच सांगा. आपल्या गावातला ऊसतोड मजूर सहा महिने कारखान्यावर असतो, म्हणून तो कारखान्याचा पाहुणा होतो का? थापट्या, चक्रवाक, मालगुजा, सगळ्यांचं तेच. रोहित तर कच्छच्या रणात पिल्लं वाढवतात, त्यांना पासपोर्ट कशाला लागतोय? आणि गंमत म्हणजे ज्या चित्रबलाकाचा फोटो दर वर्षी ‘परदेशी पाहुणा’ म्हणून छापला जातो, तो भिगवणजवळच्या भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर घरटी करतो. इंदापूर तालुक्यात जन्मलेला पक्षी, आपण त्याला परदेशी करून टाकला.

मुद्दा शब्दाचा एवढ्यासाठीच, की पाहुण्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

दर जानेवारीत एक काम चालतं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल. आशियाई पाणपक्षी गणना. आपल्या उपखंडात १९८७ साली सुरू झाली, आणि ज्या आंतरराष्ट्रीय गणनेचा ती भाग आहे ती १९६७ पासून चालू आहे. जानेवारीच का? कारण तेव्हा हे पक्षी एका जागी टिकून असतात. उन्हाळ्यात ते सायबेरियाच्या, कझाकस्तानच्या अफाट दलदलींत विखुरलेले असतात, तिथे जाऊन कोण मोजणार? हिवाळ्यात ते आपल्या तलावांवर, धरणांवर जमतात, तेव्हा मोजता येतात. म्हणजे सायबेरियातल्या एखाद्या बदकाची जात वाढतेय की घटतेय, याचं उत्तर बऱ्याच अंशी आपल्याकडच्या पाणवठ्यांवरून जातं.

मोजतं कोण? मोठ्या शहरातले शास्त्रज्ञ असतील, असं वाटतं ना? आमच्या भागात मोजतात ते असे: एक जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी, एक मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा पोरगा, कॉलेजच्या दोन मुली, एक पतसंस्थेतले कारकून आणि बोट वल्हवणारे भोई समाजातले एक काका. काकांना दहावीचं सर्टिफिकेट नाही, पण पाव किलोमीटरवरून शेकाट्या आणि मालगुजा यांतला फरक ते उडण्याच्या ढबीवरून सांगतात. दुर्बीण वर्गणी काढून घेतलेली. पेट्रोल ज्याचं त्याचं. डबा घरून.

मी त्यांच्याबरोबर गेलोय, म्हणून सांगतो, हे काम सोपं नाही. पहाटे धुकं असतं, पाण्यावर नुसते काळे ठिपके दिसतात. आधी थव्यातले दहा मोजायचे, ते दहा केवढी जागा घेतात ते डोळ्यांत बसवायचं, मग शंभराचा ठोकळा, मग त्या ठोकळ्याने अख्खा थवा मापायचा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडे ताडून बघायचे. तेवढ्यात एखादी दलदल ससाण्यासारखी शिकारी जात वरून गेली की सगळा थवा उडाला, पुन्हा पहिल्यापासून. आणि अर्जात नुसता आकडा नसतो. पाण्याची पातळी किती, गवत-जलपर्णी किती, मासेमारी, वाळूउपसा, कचरा, सांडपाणी, जागेला धोका कशाचा, हे सगळं भरायचं असतं. म्हणजे ही पोरं दर वर्षी उजनीची तब्येत तपासतात, तीही फुकट.

त्या आकड्याचं पुढे काय होतं, तेही ऐका. रामसर म्हणून इराणमध्ये एक गाव आहे, तिथे १९७१ साली पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ पासून आहे. एखाद्या पाणवठ्यावर नियमाने २० हजार किंवा त्याहून जास्त पाणपक्षी असतील, किंवा एखाद्या जातीच्या त्या भागातल्या एकूण संख्येचा एक टक्का असेल, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची धरता येते. आता हा एक टक्का काढायचा तर एकूण किती ते माहीत हवं, आणि इथे किती तेही माहीत हवं. दोन्ही आकडे येतात या असल्या स्वयंसेवकांच्या वहीतून. मंगोलियात गळ्यात पट्टा घालून सोडलेले पट्टकदंब कर्नाटकातल्या तळ्यांवर दिसले, त्या पट्ट्यावरचा नंबर दुर्बिणीतून वाचून कुणी कळवला? तिथल्या तळ्याकाठच्या पक्षी बघणाऱ्यांनी. सलीम अलींच्या काळात बॉम्बे नॅचरल हिस्ट्रीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली, त्यावर संस्थेला कळवा असा मजकूर कोरलेला असायचा. भरतपूरला कडं घातलेलं बदक सायबेरियात सापडलं आणि तिथून उलट निरोप आला, म्हणून आपल्याला वाट कळली. शास्त्राने विचारलं, उत्तर दिलं गावकऱ्यांनी, शिकाऱ्यांनी, कोळ्यांनी. हे असंच चालत आलंय.

आपल्यावरून जाणाऱ्या या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत ३० देश आणि पाणपक्ष्यांच्या १८२ स्थलांतरित जाती. फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला स्थलांतरित प्राण्यांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, भारत यजमान होता, माळढोक शुभंकर होता. २०२४ मध्ये समरकंदला ठरलं की या उड्डाणमार्गाचं समन्वयाचं काम भारतातून चालावं. छान गोष्ट आहे. मी टोमणा मारत नाहीये, खरंच मोठी गोष्ट आहे. तीस देशांना जोडणारं काम आपल्या देशाने अंगावर घेतलंय.

आता समरकंदवरून खाली या, आपल्या तालुक्यात.

इथे त्या पोरांना काय मिळतं? दोन फेब्रुवारीला, पाणथळ दिनाला, कुठल्या तरी सभागृहात शाल, श्रीफळ आणि ‘पक्षीमित्र’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र. भाषणात एक साहेब म्हणतात, तुमच्यासारख्या तरुणांची देशाला गरज आहे. टाळ्या. मागच्या खेपेला या गटाने गणनेचा तक्ता, मेलेल्या माशांचे फोटो आणि वाळूच्या बोटींची ठिकाणं असा अर्ज एका कार्यालयात दिला. उत्तर आलं, सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. दुसरीकडे दिला. तिथे सांगितलं, पाणी आमचं, पक्षी आमचे नाहीत. तिसरीकडे म्हणाले, पक्षी आमचे, पण जमीन आमची नाही. मोबाईलवाला पोरगा मला म्हणाला, “सर, आकडा सगळ्यांना पाहिजे, अर्ज कुणालाच नको.” यापेक्षा नेमकी बातमी मी कधी लिहिली नसेल.

आणि अडचण नुसत्या आळसाची असती तर मी ही पोस्ट लिहिलीच नसती. एखाद्या बाबूला शिव्या देणं सोपं असतं. खरी गोम कायद्यातच आहे.

२६ सप्टेंबर २०१७ ला केंद्राने पाणथळ जागांचे नवे नियम काढले. नियम तसे कडक आहेत. पाणथळ जागेत अतिक्रमण नको, कचरा टाकायचा नाही, शहरांचं आणि कारखान्यांचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायचं नाही, पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नको. वाचून बरं वाटतं. मग व्याख्या वाचा. नदीचं पात्र वगळलं. भाताची खाचरं वगळली. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले साठे वगळले. मिठागरं वगळली. आणि सिंचनासाठी बांधलेली जलाशयं, तीही वगळली.

आता मला सांगा, महाराष्ट्राच्या पठारावर नैसर्गिक तळी आहेत किती? लोणार आहे, अजून बोटांवर मोजण्याइतकी असतील. आपल्याकडे पाणपक्षी राहतात ते धरणांवर, पाझर तलावांवर, बंधाऱ्यांवर. जायकवाडी, उजनी, गावोगावचे तलाव, सगळे माणसाने बांधलेले आणि बहुतेक सिंचनासाठी. म्हणजे जिथे पक्षी आहेत ती जागा पाणथळ नाही, असं कायदा म्हणतो. रामसर करार मात्र पहिल्याच कलमात सांगतो की पाणथळ जागा नैसर्गिक असो की कृत्रिम, दोन्ही चालतात. आणि यातला सगळ्यात मोठा विनोद असा, की महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा कोणती, तर नांदूरमध्यमेश्वर. ते काय आहे? गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला बंधारा! गाळ साचला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. २०२० च्या जानेवारीत घोषणा झाली तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. मग जो न्याय नांदूरला, तो उजनीला का नाही? भीमेचं पाणी गोदावरीपेक्षा कमी ओलं आहे का?

त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच इस्रोच्या नकाशातल्या सव्वादोन हेक्टरच्या वरच्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्यायला सांगितलं. नव्या नियमांत लिहिलंय की राज्याच्या प्राधिकरणाने तीन महिन्यांत सगळ्या पाणथळ जागांची यादी करायची. तीन महिने! तुमच्या गावच्या तलावाचं नाव कुठल्या यादीत आहे का, हे तलाठी भाऊसाहेबांना एकदा विचारून बघा आणि काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये टाका. मला खरंच वाचायचंय.

याचा उजनीवर परिणाम काय? पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत. हे काही गुपित नाही, दौंडच्या पुलावर उभं राहिलं तरी नाकाला कळतं. १९७४ चा पाणी प्रदूषणाचा कायदा आहेच, पण तो किती चालतो ते पाण्याचा रंग सांगतो. पाणथळीचे नियम लागू असते तर लढायला अजून एक हत्यार मिळालं असतं. हिरवं पाणी, जलपर्णी, चिलापी सोडली तर जाळ्यात फारसं काही येत नाही. बोटवाले काका म्हणतात, पूर्वी जाळ्यात काय काय निघायचं त्याची नावं आता पोरांना सांगूनही खरी वाटत नाहीत. बारीक छिद्रांच्या जाळ्यांनी माशांची पिल्लंही उचलली जातात. वाळूच्या बोटी आहेत, महसूलवाले मधूनमधून जिलेटिन लावून उडवतात, व्हिडिओ व्हायरल होतो, पंधरा दिवसांनी दुसऱ्या बोटी.

आता नेहमीचा प्रश्न येणार, मला माहीत आहे. “पक्षी महत्त्वाचे की माणसं?” मागे एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याने मला चहाच्या टपरीवर हेच ऐकवलं. माझं उत्तर असं, की ज्या घाण पाण्यातून रोहित शेवाळं गाळून खातो, तेच पाणी तुमच्या लेकराच्या पोटात जातं. पक्ष्याला निदान उडून जाता येतं. आणि माणसांचंच बोलायचं तर भिगवण, कुंभारगाव परिसरात जाऊन बघा. मासे कमी झाल्यावर तिथल्या किती तरी मच्छीमारांनी हिवाळ्यात पक्षी दाखवायला बोटी काढल्या. कुणी घरातच जेवण सुरू केलं, चुलीवरची चिलापी खायला पुण्याचे लोक रांगा लावतात. हे पोट पक्ष्यांवर चाललंय. पक्षी गेले तर त्यांना कोण नोकरी देणार आहे, तो कार्यकर्ता?

पण एक गोष्ट मी उलट बाजूलाही सांगणार. मला अभयारण्याचं कुंपण नको आहे. उजनीत ज्यांची गावं बुडाली त्यांना एकदा उठवलंय. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तेव्हा म्हातारी माणसं काठावर उभी राहून बोट दाखवतात, आपलं घर तिकडे होतं म्हणून. त्यांच्या पोरांना आता मासे धरायला आणि गाळपेर करायला बंदी, असं कुणी म्हणालं तर मी सगळ्यात आधी विरोधात उभा राहीन. रामसर करारात ‘सुज्ञ वापर’ असा शब्द आहे. मासेमारी बंद करा असं तो करार म्हणत नाही. शहरातल्या काही निसर्गप्रेमींना हे कळत नाही, त्यांना माणूस दिसला की फोटो खराब होतो. हेच लोक कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकतात, झेप घेतानाचा फोटो पाहिजे म्हणून. बोटवाल्याला दोनशे रुपये जास्त देऊन थव्यात बोट घालायला लावतात, उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी चरबी साठवायला बसलेला असतो, त्याला दिवसातून वीस वेळा उठवायचं आणि खाली लिहायचं ‘निसर्ग माझा सखा’. त्यांच्यापेक्षा भोई काका परवडले, ते इंजिन लांबच बंद करतात.

स्थानिक माणसाला बाजूला सारून पक्षी वाचत नाहीत, याचा पुरावा पाहिजे तर नागालँडकडे बघा. वोखा जिल्ह्यात दोयांग धरण आहे. धरणात पांगती गावाची शेती गेली. लोक मासेमारीवर आले. त्याच धरणाकाठी दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमूर ससाणे लाखोंनी उतरायचे, आणि मासे धरायची जाळी झाडांत लावून गावकरी ते पकडायचे, विकायचे. २०१२ मध्ये तिथले व्हिडिओ बाहेर आले, एका हंगामात लाखाच्या वर पक्षी मारल्याचा अंदाज होता. जगभर छी-थू झाली. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, त्याच गावांनी ठराव केले, दंड ठरवले, गस्त घातली आणि एकही ससाणा मारला गेला नाही. एका वर्षात! बाहेरच्या संस्था होत्या, वनखातं होतं, चर्चने समजावलं, सगळं खरं. पण जाळी उतरवली गावाने. त्याच साली तीन ससाण्यांना उपग्रहाचे टॅग लावले, त्यांना नावं दिली नागा, वोखा आणि पांगती. जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी, भारत ओलांडून, अरबी समुद्र न थांबता पार करून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. त्यांची वाट आपल्या महाराष्ट्रावरून जाते. ज्या गावाला जग खाटीक म्हणत होतं, त्याचं नाव पुढे पक्ष्याच्या पाठीवर फिरलं.

पांगतीसारखीच आपलीही गोष्ट आहे. धरण, बुडालेली शेती, मासे, पक्षी. फरक एवढाच की त्यांच्या ग्रामपरिषदेला अधिकार वापरायचा माहीत होता.

अधिकार आपल्याकडेही आहे, वापरत नाही. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तुमच्या गावातही आहे, कदाचित तिच्या सदस्यांनाच माहीत नसेल. लोक जैवविविधता नोंदवही नावाचं एक बाड कपाटात पडलेलं असेल. अनेक ठिकाणी ते बाहेरच्या माणसाकडून घाईने भरून घेतलंय, शेजारच्या गावाची वही उतरवून. त्या वहीत दर जानेवारीचा पक्षीगणनेचा तक्ता चिकटवला, ग्रामसभेत वाचला, ठरावाला जोडला, तर तो सरकारी कागद होतो. मग ‘अखत्यारीत येत नाही’ म्हणणं जरा अवघड जातं.

दुसरं म्हणजे एक गणना पुरत नाही. जानेवारीत उजनी भरलेली असली तर काठावर चिखलच नसतो, रोहित आणि चिखल्या कमी दिसतात. आवर्तनं सुटायला लागली, पाणी उतरलं की फेब्रुवारी-मार्चला खरे थवे बसतात. नुसता जानेवारीचा आकडा धरला तर एक टक्का कधीच भरणार नाही आणि कुणीतरी एसी खोलीत बसून म्हणेल, या जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्व दिसत नाही. म्हणून ही पोरं यंदापासून दर महिन्याला मोजणार आहेत, आवर्तनाच्या तारखा शेजारी लिहून. पैसे नाहीत, दुर्बीण एकच आहे. त्यांना शाल नको आहे. दोन दुर्बिणी, महिन्याचं डिझेल आणि गणनेच्या दिवशी पाण्याची पातळी किती हे फोनवर सांगणारा एक माणूस, बस.

ठरावाचा मसुदा मी गुरुजींकडून घेतलाय. साधा पाऊण पानाचा आहे: तलावाचं किंवा जलाशयाचं नाव पाणथळ जागांच्या राज्याच्या यादीत घ्यावं, ते सिंचनासाठी बांधलेलं आहे म्हणून वगळू नये, मच्छीमारांचे हक्क कायम ठेवावेत, आणि गणनेचा तक्ता नोंदवहीत लावावा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत कुणाला मांडायचा असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, मी व्हॉट्सअॅपला पाठवतो. सरपंच म्हणाले की ‘पुढच्या सभेत बघू’, तर तेही लिहा, कुठल्या गावचे सरपंच ते पण लिहा. काठावरच्या करमाळा, इंदापूर, माढा, कर्जत, दौंड तालुक्यांतल्या लोकांनी आधी. आणि पुढची गणना रविवारी आहे, पहाटे सहाला कुंभारगावच्या बाजूने निघायचं. भडक रंगाचे शर्ट घालून येऊ नका, शेव-फरसाण फक्त स्वतःसाठी आणा.